सकूकाकीची वाकूम पिशवी

सापगावात सकूबाई निमसे म्हटलं तर कुणाला पटकन कळणार नाही. सकूकाकी म्हटलं की पोरंसुद्धा घर दाखवतील. घर ओळखायलाही सोपं आहे. गोठ्यावर पत्र्याऐवजी लग्नाचे जुने फ्लेक्स टाकलेले आहेत, आणि त्यावरचे दोन नवरदेव पावसाळाभर भिजत हसत असतात. त्यांतल्या एकाचा संसार मोडला, तरी गोठ्यावरचं हसू अजून शाबूत आहे.

काकी वस्तू टाकत नाही. फुटलेल्या बादलीत तिची कोंबडी अंडी उबवते, तेलाच्या डब्यात कढीपत्ता वाढतो, आणि जुन्या लग्नपत्रिकांचे तिने उन्हाळ्यासाठी पंखे केलेत. आवाज म्हणाल तर नदीच्या या काठावरून तिने हाक मारली की पलीकडच्या काठावरचा, ज्याला हाक मारलेली नसते तोही, ‘ओ’ देतो. नवरा धाऊकाका मात्र मुखदुर्बळ. घरातलं सगळं बोलणं काकीच करते, म्हणून त्याला सवयच राहिली नाही असं तो स्वतः म्हणतो. म्हणजे क्वचित म्हणतो.

भाताची शेती आहे, पण त्याशिवाय काकी शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या राघोशेठच्या लग्नाच्या हॉलवर कामाला जाते. झाडणं, पुसणं, सोफा झटकणं हे तिचं काम. तिला विचाराल तर ती सांगेल, ‘हॉल मीच चालवते, शेठ नुसते पैसे घेतात.’ मी प्रणित, तिच्याच आळीतला. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ शूटिंग हा माझा धंदा. त्या हॉलवरची बरीचशी लग्नं माझ्याकडे असतात, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं मी पाहिलेलं आहे.

राघोशेठनी दोन वर्षांपूर्वी हौसेनं हॉलभर लाल गालिचा टाकला. दारापासून स्टेजपर्यंत. दिसायला झकास. पण गालिचा झाडूला दाद देईना. काकीने झाडू मारला की धूळ उठायची, हवेत फिरायची, पाहुण्यांना शिंका आणायची आणि पुन्हा गालिच्यावर येऊन बसायची. मग शेठनी कल्याणहून व्हॅक्यूम क्लीनर आणला. पोटाला चाकं, पुढे लांब नळी, पाठीमागे हवा सोडायची जाळी. पोटात एक कागदी पिशवी बसवायची. ओढलेला कचरा तिच्यात जमतो, पिशवी भरली की झाकणावर लाल खूण दिसते, पिशवी काढून फेकायची, नवी लावायची. शेठनी हे सगळं काकीला दोनदा समजावलं. काकीने ‘वाकूम’ हे नाव तेवढं घेतलं आणि बाकीचं आपल्या पद्धतीनं करायचं ठरवलं.

मशीनबरोबर आलेल्या पिशव्या पहिल्या एक-दोन लग्नांतच संपल्या. शहरातल्या घरात एक पिशवी महिनाभर पुरत असेल. आमच्याकडे एका लग्नात अक्षता किती उडतात! वर फुलं, बडीशेप, केसांच्या पिना, आणि हल्ली ते ब्लास्टर फुटतात त्यांचे चमचमणारे कागद. दुपारच्या आत मशीनला लाल खूण यायची. शेठ नव्या पिशव्या आणायला कल्याणला गेले आणि चेहरा पाडून परत आले.

काकीने विचारलं, “कितीला पडल्या, शेठ?”

शेठनी आकडा सांगितला.

“सगळ्या गठ्ठ्याचे?”

“एकीचे.”

काकीने पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली. “एवढ्या महागाची पिशवी, हिच्यात घालायचं काय?”

“कचरा.”

“आनी मंग?”

“मग फेकायची.”

“कचऱ्यासकट?”

“नाहीतर काय, कचरा घरी न्यायचा?” शेठ आधीच वैतागले होते.

काकीने मनातल्या मनात भाव लावला. “म्हंजे दर लग्नाला अर्धी कोंबडी आपून उकिरड्यात पुरतो,” ती म्हणाली. “हळद असली तर पुरी कोंबडी. नाय शेठ, हे काय बरोबर नाय. तुमी पिशव्या आनू नका. मी बघते.”

शेठना तेवढंच हवं होतं. त्यांनी मान डोलावली. हे मान डोलावणं त्यांना पुढे बरंच भोवलं.

काकीने आधी कागदी पिशवीच पुन्हा वापरायला घेतली. पिशवीच्या तोंडाला पुठ्ठ्याची चौकट असते, ती मशीनच्या खाचेत बसते. त्या बाजूला हात न लावता काकीने मागची कड ब्लेडनं कापली, कचरा झटकला, कड दोनदा दुमडली आणि वर कपड्यांचे चिमटे लावले. झाली नवी पिशवी! एका लग्नाला चालली, दुसऱ्याला चालली. पुढे पुढे कागद जुन्या दहाच्या नोटेसारखा मऊ पडला, तरी काकी तिला ‘अजून दम हाय’ म्हणत राहिली.

तो दम एका मंगळवारी संपला. शेठ एका गिऱ्हाइकाला हॉल दाखवत होते. मुलीचे वडील आणि काका, दोघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. शेठही पांढऱ्यात. काकी गालिच्यावर मशीन फिरवत होती आणि हे तिघे नेमके मशीनच्या मागच्या बाजूला उभे होते.

“आपल्या हॉलची एकच खासियत,” शेठ सांगत होते, “स्वच्छता. धुळीचा कण दाखवा आणि...”

आत कुठेतरी चिमटे सुटले. मशीनच्या जाळीतून फस्सकन ढग आला. तो खाली बसला तेव्हा तिघेही एकाच मातीच्या मूर्तींसारखे दिसत होते. मुलीच्या वडिलांच्या भुवईवर एक चंदेरी कागद चमकत होता. काकीने मशीन बंद केलं आणि म्हणाली, “बघा, किती धूळ निगाली. गालिचा साफ झाला का नाय?”

बुकिंग गेलं. शेठनी तंबी दिली की उद्यापासून नवीन पिशवी. काकीने ती ऐकून घेतली आणि स्वतःचा निष्कर्ष काढला. “चूक माझी नाय, कागदाची हाय. आता कापडाची शिवते.”

काकीकडे पायानं चालवायचं शिलाई मशीन आहे. जुन्या पिशवीची पुठ्ठ्याची चौकट जपून कापून घ्यायची, तिला कापडाचं पोट शिवायचं आणि मागच्या तोंडाला परकराला असते तशी नाडी घालायची. नाडी सोडली की कचरा बाहेर, ओढली की पिशवी बंद. ही कल्पना चांगलीच होती. प्रश्न कापडाचा आला.

पहिल्यांदा धाऊकाकाची लुंगी गेली. धुऊन धुऊन ती इतकी विरली होती की तिच्यातून पलीकडचं दिसायचं. काकीने पिशवी शिवली आणि एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. गालिच्यावर सुकी हळद सांडलेली. मशीनने ती पुढून ओढली आणि लुंगीतून गाळून मागून सोडली. हॉलमध्ये पिवळं धुकं पसरलं. काकीला ते दिसेपर्यंत तिचा चेहरा, केस, हात, लुगडं, सगळं पिवळं झालं होतं. तेवढ्यात धाऊकाका तिची भाकर घेऊन आला. दारात उभा राहून त्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “या वयात तुला कोनी गो हळद लावली?”

आळीत पुढचे अनेक दिवस हे एकच वाक्य चाललं. धाऊकाका त्या वर्षी तेवढंच बोलला असेल, पण वसूल बोलला.

लुंगी पातळ पडली म्हणून काकीने एकदम दुसरं टोक गाठलं आणि सिमेंटच्या गोणीची पिशवी शिवली. तिच्यातून धूळ बाहेर येईना, पण हवाही जाईना. मशीन आधी रडल्यासारखं ओरडलं, मग गरम झालं आणि आपोआप बंद पडलं. काकीने त्याला पंख्यासमोर ठेवून वारा घातला. “जीव घुसमटला त्याचा,” ती म्हणाली. तेव्हापासून कापड घेण्याआधी ती तोंडाला लावून फुंकायची. फुंकर पलीकडच्या हाताला जोरात लागली तर पातळ, लागलीच नाही तर जाड. हळूच लागली पाहिजे. शहापूरच्या बाजारात एका कापडवाल्याकडे तिने ठाणांना फुंकरा मारायला सुरुवात केली तेव्हा त्याने तिला दुकानाबाहेर काढलं होतं.

हवं ते कापड शेवटी शेठच्याच घरून आलं. शेठच्या बायकोने, वत्सलावहिनींनी, दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या कपड्यांचं गाठोडं काकीला दिलं. त्यात सायीच्या रंगाची एक सफारी पँट होती. काकीने फुंकर मारली. हळूच लागली. शिवाय पँटचा पाय म्हणजे तयार नळकांडंच, शिवण घालायची मेहनतही वाचली. एका पँटीत दोन पिशव्या झाल्या, एक लावायला, एक धुवायला.

ही पिशवी खरोखरच चालली. धूळ आत राहिली, मशीन शांत वाजलं, शेठ खूश झाले. ते खूश असतानाच एके दिवशी काकीने त्यांच्यासमोर झाकण उघडलं.

शेठ वाकून बघू लागले. “हे कापड... सकूबाई, ही माझी पँट आहे!”

“तुमचीच हाय. लई मजबूत हाय.”

“अगं, मी ती दिवाळीपासून शोधतोय! हॉलच्या भूमिपूजनाला घातली होती मी ती!”

शेठनी तिथूनच वहिनींना फोन लावला आणि तावातावाने स्पीकरवर टाकला. पलीकडून वहिनी शांतपणे म्हणाल्या, “अहो, त्या पँटीत आता तुमचा एक हात गेला असता, पाय नाही. तुम्ही घालत नाही तर हॉलला तरी घालू दे.”

शेठनी फोन ठेवला, पँटीकडे एकवार बघितलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. काकी सांगते की त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ती धूळ वाटली.

आता पिशवी फेकायची नाही म्हटल्यावर दर लग्नात ती रिकामी करायची वेळ येऊ लागली. हॉलच्या मागे काकी प्लास्टिकचा कागद पसरायची, नाडी सोडायची, ढीग ओतायची आणि चक्क सुपात घेऊन पाखडायची. कारण ढिगात निम्मे तांदूळ असत. अक्षता कोंबड्यांना, फुलं खताला, पिना काकीच्या डबीत आणि उरलेली धूळ खड्ड्यात. काकीने आपल्या कोंबड्या हॉलच्या मागे आणून ठेवल्या. सनई वाजली की त्या ओळीने येऊन उभ्या राहत. शेठ म्हणायचे, “मुलीकडचे, मुलाकडचे आणि सकूबाईकडचे, अशी तीन वऱ्हाडं जेवतात माझ्या हॉलवर.”

आणि मग वैष्णवीचं लग्न आलं.

वैष्णवी शहापूरच्या रामूभाऊ विशे यांची मुलगी. मुलगा ओमकार, मुरबाडचा. लग्न थाटाचं होतं, पण मुलाकडच्या सगळ्या गर्दीत लक्षात राहायचा तो एक माणूस, ओमकारचा मामा कुंडलिक. उंच, रुबाबदार, भरघोस मिशा, आणि बोलण्याची अशी हौस की सकाळी हॉलवर आल्याबरोबर त्याने माइक हातात घेतला तो सोडलाच नाही. पाहुण्यांचं स्वागत त्याने केलं. ‘एका गाडीचे दिवे चालू राहिलेत’ हेसुद्धा त्यानेच चालीवर सांगितलं. मी फोटो काढायला गेलो की बत्तिशी दाखवून उभा राही. मंगलाष्टकंही त्यानेच म्हणायला घेतली. चार झाली, पाच झाली, मुहूर्त टळायला आला, तेव्हा वैष्णवीच्या एका काकाने हळूच माइक आपल्याकडे ओढला आणि शेवटचं मंगलाष्टक स्वतः म्हणून टाकलं. शुभमंगल झालं, अक्षता पडल्या, ब्लास्टर फुटले, चंदेरी कागदांचा पाऊस झाला, मामांना एक जोरदार शिंक आली.

त्यानंतर कुंडलिकमामा बोललेच नाहीत.

स्टेजखालच्या खुर्चीत रुमाल तोंडाला लावून बसले. कुणी काही विचारलं की मान हलवायची. आहेराला बोलावलं, आले नाहीत. फोटोला बोलावलं, आले, पण ओठ असे आवळलेले की माझ्या फोटोत ते लग्नाला नाही, कोर्टात आल्यासारखे दिसतात.

पाच मिनिटांत बातमी फिरली, मामा रुसले. का रुसले, हे मुलीकडच्यांना ताबडतोब समजलं. माइक ओढला म्हणून! रामूभाऊंनी भावाला कोपऱ्यात घेऊन झापलं आणि स्वतः हात जोडून मामांसमोर गेले.

“मामा, काय चुकलं असंल तर पोटात घाला. जेवायला चला.”

मामांनी मान हलवली.

“आवो, सांगा तरी काय झालं ते.”

मामांनी अस्वस्थ होऊन स्टेजकडे बोट दाखवलं. रामूभाऊंना वाटलं, माइक हवाय. धावत जाऊन माइक आणला आणि मामांच्या तोंडासमोर धरला. मामा साप बघावा तसे मागे सरकले. आता मुलाकडचे घाबरले. मग फेटा आणून बांधला, मामा गप्प. शाल आणून पांघरली, मामांनी ती नाकापर्यंत वर ओढून घेतली. ओमकारची आई, म्हणजे मामांची सख्खी बहीण, रडायला लागली. “दादा जेवल्याबिगर मी अन्नाला शिवायची नाय,” असं तिने जाहीर केलं. वरमाई जेवणार नाही म्हटल्यावर मुलाकडचं कुणीच पानावर बसेना, आणि मुलाकडचे बसत नाहीत तोवर मुलीकडच्यांना बसता येईना. कॅटरिंगवाला जिलबीच्या पराती झाकून हवालदिल उभा होता.

ही मनधरणी सुरू होण्याआधीच, स्टेजवर अक्षतांनी पाय घसरायला लागले म्हणून, शेठनी काकीला स्टेजवरून एकदा मशीन फिरवायला सांगितलं होतं. फिरवताना नळीत काहीतरी खडखडलं होतं. काकी ‘सुपारी गेली’ म्हणाली होती आणि पुढे सरकली होती.

मी तोंडावर पाणी मारायला हॉलच्या मागे गेलो तेव्हा काकी सूप घेऊन बसली होती. कोंबड्या गोळा झाल्या होत्या. काकीने सूप एकदा झटकलं, दोनदा झटकलं आणि अशी किंचाळली की कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

“प्रनित! मेल्या, इकडं ये! सूप माझ्याकडं बघून हसतंय!”

मी वाकून पाहिलं. तांदळात, झेंडूच्या पाकळ्यांमध्ये, गुलाबी हिरडी आणि तारेसकट पुढचे दात बसवलेली कवळी पडली होती.

“काकी, कवळी आहे ही.”

“कवळी हाय ते मला पन कळतंय. कोनाची हाय?” तिने सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं, “तू सकाळपासून फोटो काढतोस. आधी हसत होता आनी मंग हसायचा बंद झाला, असा कोन हाय सांग.”

मी कॅमेरा काढून मागचे फोटो बघत गेलो. सकाळच्या सगळ्या फोटोंत कुंडलिकमामा, दात, पुन्हा मामा, पुन्हा दात. अक्षता पडल्यावर मामा, रुमाल. मामा, शाल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला हसू फुटलं.

“थांबा, शेठना सांगतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल.”

काकीने माझा शर्ट धरला. “तोंड बंद ठेव,” ती म्हणाली, आणि मी जन्मात पहिल्यांदा सकूकाकीला हळू आवाजात बोलताना ऐकलं. “बहिनीच्या पोराचं लगीन हाय त्याचं. भर मांडवात मानसाचे दात सुपात दाखवायचे? जन्मभर लोक काय म्हनतील त्याला?”

तिने कॅटरिंगवाल्याकडून उकळतं पाणी मागून घेतलं. कवळी दोनदा धुतली, सोड्यानं चोळली, पुन्हा धुतली. स्टीलच्या वाटीत ठेवली, वर दुसरी वाटी झाकली. पदर खोचला आणि वाटी दोन्ही हातांत धरून भर हॉलमधून चालत निघाली, या वेळी मात्र आपल्या नेहमीच्या आवाजात.

“बाजूला व्हा, बाजूला व्हा! मामांची पथ्याची खीर हाय!”

सगळी मंडळी बाजूला झाली. काकी मामांसमोर जाऊन उभी राहिली. “मामा, तुमच्यासाठीच केलेली हाय. झाकन जरा बेतानं उघडा, गरम हाय.”

मामांनी नको म्हणून हात केला. काकीने वाटी पुढेच धरली. मामांनी नाइलाजाने वरची वाटी बोटभर उचलली. आत बघितलं. काकीकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं. मग ती वाटी छातीशी धरून, शाल सावरत, मामा जवळजवळ धावतच मुलाकडच्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

 रामूभाऊंनी देवाचं नाव घेतलं.

दार उघडलं. मामा बाहेर आले. फेटा ताठ, शाल खांद्यावर आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. सरळ स्टेजवर गेले, माइक घेतला आणि असे बोलायला लागले की त्यांना खाली बसवायला पुन्हा हातापाया पडावं लागलं. मुलीकडच्यांच्या आदरातिथ्याला तोड नाही, असे सोयरे भाग्यानेच मिळतात, असं त्यांनी सांगितलं. शेवटी राहून गेलेलं मंगलाष्टकही म्हणून टाकलं. वरमाई रडत होती ती हसायला लागली. पंगत बसली. मामांनी किती जिलब्या खाल्ल्या ते कॅटरिंगवाला अजून सांगतो.

मामा कशानं विरघळले यावर शहापुरात पुढे बरीच चर्चा झाली. रामूभाऊ म्हणतात शालीनं. त्यांचा भाऊ म्हणतो फेट्यानं. बायकांचं मत मात्र ठाम होतं, खिरीनं. वैष्णवीची काकू संध्याकाळी आमच्या सकूकाकीला गाठून विचारत होती, “कशाची गो खीर होती ती? आमच्याकडं पन एक रुसनारा हाय.”

“ती अशी सांगून येत नाय,” काकी म्हणाली. “वाकूमला विचारावी लागते.”

काकू गेल्यावर कुंडलिकमामा हॉलच्या मागे आले. इकडेतिकडे बघून त्यांनी काकीचे हात धरले.

“बाई, तुमी आज माझी लाज राखली. नवीनच बसवलेत. नीट बसतच नव्हते, पण मंगलाष्टकं बिनदातांची म्हटली तर नुसती हवा जाते, म्हणून घाई केली. शिंकलो आणि गेले उडून. वाकून शोधायला जावं तर समोर चारशे माणसं, तोंड उघडावं तर भोक. मी स्टेजकडं बोट दाखवतोय, तर ते माइक घेऊन येतात!”

काकी इतकी हसली की तिला सुपाचा आधार घ्यावा लागला. मग तिने मामांना पिशवी दाखवली, नाडी दाखवली, शेठची पँट दाखवली, हवा किती लागली पाहिजे ते त्यांच्या हातावर फुंकून दाखवलं.

मामा पिशवीकडे आदराने बघत राहिले. “आणि कागदी असती तर?”

“तर तुमचे दात आता उकिरड्यात जेवत असते,” काकी म्हणाली.

याचा अर्थ काकीची पिशवी सगळ्यात चांगली ठरली असं मात्र नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मशीन कण्हायला लागलं आणि एक दिवस जळका वास येऊन थांबलं. शहापूरच्या मिस्त्रीने ते उघडलं तर आत मोटारीपर्यंत बारीक पिवळा लेप बसलेला. कापडातून अगदी बारीक हळद जातच होती. मिस्त्री म्हणाला, “कंपनीचीच पिशवी वापरा.” शेठ काकीला म्हणाले, “बघ, पिशवीत वाचवलं ते मोटारीनं खाल्लं.” काकी म्हणाली, “आनी त्यात एका लग्नाची पंगत वाचली, ती नाय मोजली तुमी.” शेठना ती गोष्ट ठाऊक नव्हती, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही आणि काकीने सांगितलंही नाही. शेवटी तोडगा निघाला. अक्षतांना कापडी पिशवी, हळदीला कागदी. कागदी पिशवी एकदाच वापरायची असंही ठरलं. ते काकी पाळते की नाही हे शेठ विचारत नाहीत.

याच सुमारास मुरबाडहून आलेल्या जीपवाल्याने काकीच्या अंगणात एक खोका उतरवला. कुंडलिकमामांनी पाठवलेला. आत कंपनीच्या कोऱ्या कागदी पिशव्या, गठ्ठ्यावर गठ्ठे. काकी डोक्याला हात लावून बसली. “एवढं सगळं दाखवलं त्या मानसाला, तरी हेच आनलं?”

शेठना खोक्याचा वास लागला. हॉलसाठी मागायला ते स्वतः घरी आले.

“नाय द्यायची,” काकीने सांगितलं. “मला भेट आलेली हाय. कोऱ्या पिशव्या, चांगला जाड कागद. हिच्यात कोन कचरा भरंल?”

“मग काय भरणार?”

काकीने वालाचं बियाणं भरलं. एकीत सुकी मिरची, एकीत आमसुलं, एकीत धाऊकाकाची औषधं. घरातल्या खुंट्यांवर पिशव्या टांगल्या गेल्या. थंडीत वाल निघाले तेव्हा एक पिशवी वालाने भरून, तोंड सुतळीनं बांधून, त्याच जीपवाल्याच्या हाती तिने मुरबाडला मामांकडे धाडली. मामांच्या बायकोला नवऱ्याकडून या पिशवीची किंमत कळलेली. तिला ती टाकवेना. तिने त्याच पिशवीत घरचे तीळ भरून ती परत पाठवली. मग इकडून काकड्या गेल्या, तिकडून लाडू आले.

गेल्या आठवड्यात पिशवी आली तेव्हा मीही काकीच्या अंगणात होतो; आत करवंदं होती. वाटेत ती चेंगरली आणि कागदाचा तळ जांभळा होऊन ओला झाला. जीपवाला म्हणाला, “काकी, आता टाक ही. मी मामांना नवी मागतो.”

काकीने करवंदं परातीत ओतली, पिशवी उलटी करून उन्हात वाळत घातली आणि परात आमच्या दोघांपुढे सरकवली. “खा,” ती म्हणाली. “बिया अंगनात थुकू नका. मला त्या कुंपनाला लावायच्या हायत.”